उचललेला भंडारा आणि सुजलेलं स्वादुपिंड

बोरगावजवळच्या एका गावात मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते. पचनसंस्थेचा धडा इतक्या वेळा शिकवलाय की फळ्याकडं न बघता आकृती काढता येते. वरून अन्ननलिका, मग जठर, उजव्या बाजूला यकृत, आणि जठराच्या मागं आडवं पडलेलं स्वादुपिंड. त्याच्याबद्दल पुस्तकात एकच ओळ होती: ते पाचक रस तयार करतं. परीक्षेला रिकाम्या जागेत हमखास यायचं, म्हणून मी ती ओळ पोरांकडून तीनदा म्हणवून घ्यायची आणि पुढं जायची. ते दुखतं, सुजतं, माणसाला मरणाच्या दारात नेऊन बसवतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते मी माझ्या धाकट्या भावाच्या पोटावरून शिकले, आणि शिकताना एक मोठी चूक केली.

आई लवकर गेली. भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, त्यामुळं त्याची शाळा, त्याचा ताप, त्याचं लग्न, सगळं माझ्याच हातनं झालं. वडील होते, पण असून नसल्यासारखे. ते दारूत गेले. शेवटच्या दोन वर्षांत पोट धरून, गुडघे छातीशी घेऊन सोप्यात बसून असायचे. आम्ही म्हणायचो, प्यायलाय, पडू दे. ते गेले त्याच्या तेराव्यानंतर मी भावाला बिरदेवाच्या देवळात नेलं आणि भंडारा उचलायला लावला.

आमच्याकडं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण बाहेरच्यांसाठी सांगते. देवापुढची हळद, म्हणजे भंडारा, मुठीत घेऊन माणूस जे बोलतो ते मोडत नाही. बांधाची भांडणं त्यावर मिटतात, निवडणुकीत मतंसुद्धा त्यावर पक्की करून घेतात. कोर्टात खोटं बोलणारा माणूस भंडारा उचलायचा म्हटला की घाम पुसतो. माझा भाऊ तेव्हा वीस वर्षांचा होता. मी त्याला वाक्य सांगितलं आणि त्यानं ते माझ्यामागून म्हटलं: "दारूला शिवलो तर माझ्या आक्काचं वाईट हुईल." माझंच नाव घालायची कल्पना माझीच होती. स्वतःच्या नावानं उचलला तर माणूस मोडतो, दुसऱ्याच्या जिवावर उचलला तर कसा मोडंल, असा माझा हिशेब. फार शहाणी होते मी.

पुढं पंधरा वर्षं मी त्या भंडाऱ्याच्या जोरावर गावात नाक वर करून फिरले. कुणाचा पोरगा पिऊन पडला की म्हणायची, माझ्या भावाकडं बघा. तो शिकला, साईटवर सुपरवायझर झाला, बेळगावजवळ हिंडलग्यात भाड्यानं घर घेऊन राहिला. सांबऱ्याकडं नवीन इमारतींची कामं निघाली होती, तिकडं रोज मोटारसायकलनं जायचा. सणाला गावाकडं यायचा, माझ्या हातचं खायचा, आणि मुक्काम न करता परत जायचा. मला वाटायचं, कामाचा माणूस आहे.

दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी, शाळेत मधली सुट्टी चालली होती, तेव्हा भावजयीचा फोन आला.

"आक्का, ह्येंच्या पोटात लई दुखाय लागलंय. सकाळधरनं वाकूनच बसल्यात. उलट्या थांबंनात."

"पित्त असंल," मी म्हटलं. "लिंबू-सोडा दे. आडवा हो म्हणावं जरा."

"आडवं झालं की जास्त दुखतंय म्हणत्यात. पाठीतनं आरपार कळ जातीया."

मला सगळं कळतं हा माझा जुना आजार. मी तिला पित्ताच्या गोळीचं नाव सांगितलं, तव्यावर फडकं गरम करून शेकायला सांगितलं, आणि पाढे घ्यायला वर्गात गेले. दुपारी तीनला तिचा दुसरा फोन आला तेव्हा ती बोलत नव्हती, नुसती रडत होती. मग मात्र मी वर्ग सोडून निघाले. निपाणीला येऊन बेळगावची बस धरली. मी पोचेपर्यंत शेजाऱ्यानं त्याला दवाखान्यात नेलं होतं.

डॉक्टरीणबाई कन्नडिग होत्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. मराठी समजायची आणि जमेल तशी बोलायच्याही. रक्तातल्या तपासणीचा कागद त्यांनी माझ्यापुढं धरला. एक आकडा जिथं असायला पाहिजे त्याच्या किती तरी पट वर गेला होता. "स्वादुपिंड सुजलंय," त्या म्हणाल्या. मी शिक्षिका आहे म्हटल्यावर त्यांनी मला नीट समजावलं. हा अवयव जे रस बनवतो ते आतड्यात जाऊन अन्न पचवतात. कुठं तरी अडलं किंवा बिघडलं की ते रस आतच जागे होतात आणि त्या अवयवालाच पचवायला लागतात. त्याच्यावर असं एक औषध नाही की दिलं आणि सूज उतरली. सलाईन भरपूर द्यायचं, दुखणं थांबवायचं, उलट्या आहेत तोवर पोटाला विश्रांती, आणि मूत्रपिंड, श्वास, सगळ्यावर लक्ष ठेवायचं. बहुतेक जण आठवड्यात उठून बसतात. थोड्यांचं बिघडतं, आणि बिघडलं की फार बिघडतं.

"कशानं होतं?" मी विचारलं.

"दोन कारणं जास्त. पित्ताच्या पिशवीतले खडे, नाहीतर दारू." त्यांनी पलंगाकडं बघून त्याला कन्नडमध्ये विचारलं, "कुडितीरेन्री?" पिता का?

तो पोट धरून भिंतीकडं तोंड करून पडला होता. त्यानं मान वळवली. डॉक्टरांकडं नाही, माझ्याकडं बघितलं. आणि त्याच्या आधी मीच बोलले. "आमच्यात दारूचा थेंब नाही बाई. त्यानं शपथ घेतलीया."

"न्हाय," तो म्हणाला आणि पुन्हा भिंतीकडं वळला.

भावजय पलंगाच्या पायाशी उभी होती. ती मूग गिळून गप्प राहिली. तेव्हा मला वाटलं, बिचारी घाबरलीय.

सोनोग्राफी झाली. खडा नव्हता. रक्तातली चरबी तपासली, ती बरी होती. दुसऱ्या दिवशी दुखणं थोडं कमी झालं, तो माझ्याशी दोन शब्द बोललाही, आणि मी बाकावर बसल्या बसल्या देवाला हात जोडले.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचे हात थरथरायला लागले. आधी बोटं, मग पूर्ण हात. अंगाला घाम इतका की चादर पिळून काढावी. तो चादरीवरनं काही तरी झटकत होता. "मुंग्या," म्हणायचा. "आक्का, किती मुंग्या आल्यात बघ." चादर स्वच्छ होती. सिस्टरनं डॉक्टरांना कळवलं. त्यांना शंका आली की सुजलेल्या जागी जंतू शिरलेत, ते विष रक्तात चाललंय. पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा स्कॅन करायचं ठरलं.

माझ्या मनात मात्र दुसरंच. माझ्या पर्समध्ये बिरदेवाच्या भंडाऱ्याची पुडी कायम असते. बाहेरचं काही लागलं असेल तर उतरेल, म्हणून मी ती काढली आणि चिमूट घेऊन त्याच्या कपाळाकडं हात नेला. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजत होते.

माझ्या बोटांवरची हळद बघून माझा भाऊ पलंगावर मागं सरकला. सलाईनची नळी ताणली गेली. त्यानं दोन्ही हात तोंडावर धरले आणि लहान पोरासारखा ओरडला, "नको आक्का, लावू नको. मी मोडलाय. लई वर्षं झाली. मी मोडलाय."

मी भावजयीकडं बघितलं. तिनं मान खाली घातली. "रोज घेत्यात," ती म्हणाली. "सा-सात वर्सं झाली. तुमास्नी सांगितलं तर जीव दीन म्हणालते."

तिथं, त्या मिनिटाला, मी उठून डॉक्टरांकडं जायला पाहिजे होतं. खोलीपासून त्यांची केबिन वीस पावलांवर होती. मी गेले नाही. जिना उतरून आवारात आले आणि लिंबाच्या झाडाखालच्या कट्ट्यावर बसले. मला राग आला होता, इतका की कानशिलं तापली. त्याचा राग, भावजयीचा राग, आणि पंधरा वर्षं गावात मिरवलेल्या माझ्या तोंडाचा राग. आता काय सांगणार लोकांना? बापासारखाच निघाला म्हणतील. आणि दवाखान्याच्या कागदावर एकदा 'दारू' लिहिलं की ते पुसणार कोण? त्याची नोकरी, त्याच्या मुलीचं पुढं जाऊन लग्न, सगळं मी तिथं बसून रचलं. दारूचा या थरथरीशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पिणाऱ्याचे हात पिल्यावर कापतात एवढंच मला माहीत, न पिता कापतात हे नाही.

एक वाजता डॉक्टर फेरीला आल्या. मी वर गेले होते. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि स्पष्ट विचारलं, "अक्का, परत विचारते. दारूची सवय नक्की नाही?"

मला माहीत होतं. दोन तासांपूर्वी मला कळलं होतं. आणि मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "नाही."

पहिल्या वेळचं 'नाही' माझ्या अज्ञानातलं होतं, त्याला मी माफी देऊ शकते. हे दुसरं माझं होतं. ते मी पूर्ण शुद्धीत बोलले.

तीनच्या सुमाराला त्यानं हातातली सुई उपटली. रक्ताची धार फरशीवर. तो पलंगावरनं उतरायला बघत होता, साईटवर स्लॅब पडायचाय, मला सोडा म्हणून किंचाळत होता. दोन वॉर्डबॉय आणि सिस्टरनं मिळून त्याला धरला आणि पट्टीनं त्याचे दोन्ही हात पलंगाच्या दांड्यांना बांधले. त्याचं पोट सुजून टम्म झालं होतं, प्रत्येक हिसक्याला तो कळवळायचा, तरी हिसके थांबत नव्हते. बांधलेले हात बघून भावजय माझ्याकडं वळली. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्यावर आवाज चढवून बोलली.

"तुमी सांगताय का मी सांगू? तुमच्या नाकासाठी मी ह्येंला घालवाय बसले न्हाय."

चार वाजता मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं. किती वर्षं, किती घेतो, शेवटची कधी, जे भावजयीनं सांगितलं होतं ते सगळं. त्यांनी पेन खाली ठेवलं नाही, लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, रोजच्या माणसाची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत मेंदू असा खवळतो. त्याला वेगळं औषध लागतं, लगेच लागतं, नाहीतर झटके येतात, माणूस दगावतोसुद्धा. आम्ही जंतू शोधत बसलो होतो. सिस्टरला हाक मारून त्यांनी इंजेक्शनं सांगितली आणि उठताना मला म्हणाल्या, "सकाळी सांगितलं असतं तर हात बांधायला लागले नसते."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या साध्या आवाजात बोलल्या आणि गेल्या.

त्याला अतिदक्षता विभागात नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी थरथर उतरली, मुंग्या गेल्या. पोटाचं दुखणं मात्र सहजासहजी सुटणार नव्हतं. स्वादुपिंडाचा काही भाग मेला होता, त्याच्याशेजारी पाणी साठलं होतं. नाकातनं बारीक नळी आतड्यापर्यंत घालून त्यातनं पातळ अन्न दिलं. चोवीस दिवस आम्ही तिथं होतो. माझ्या त्या पाच तासांनी त्यात किती भर घातली, मी डॉक्टरांना एकदा विचारलं. "ते सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. सूज स्वतःच्या मनानंही वाढते. त्यांनी मला सोडवायचा प्रयत्न केला असेल. मी सुटले नाही.

सोडायच्या आदल्या दिवशी दुपारी तो उशीला टेकून बसला होता. गालफडं आत गेलेली. मी चमच्यानं भाताची पेज भरवत होते, कारण अजून तेल-तूप बंद होतं. मधेच तो म्हणाला, "तुला ठाव हाय का, तू नुसती शिंकलीस तरी माझ्या पोटात गोळा यायचा."

"का रं?"

"तुझ्या नावानं उचललेला न्हवं. पैल्यांदा प्यालो त्या साली तुला टायफॉईड झालतं. मला वाटलं, मीच आक्काला मारली. त्या भ्यानं झोप लागंना. झोप लागावी म्हणून घ्यायचो. घेतली की परत भ्या." तो हसायला बघत होता. "म्हणून तुझ्याकडं मुक्काम करत नव्हतो. तुझ्या तोंडाकडं बघवायचं न्हाय."

मी चमचा वाटीत ठेवला. मी त्याला वाचवायला म्हणून जे केलं होतं त्यानं त्याला माझ्यापासून लपायला शिकवलं. मी रडले. त्याच्यासमोर, वॉर्डातल्या सगळ्या माणसांसमोर, पदर तोंडाला न लावता रडले.

गावी आल्यावर पुढच्याच रविवारी देवळात गेले आणि पुजाऱ्याला विचारलं, उचललेला भंडारा सोडवता येतो का. म्हातारा म्हणाला, ज्यानं उचलायला लावला त्यानं देवापुढं कबूल करून सोडवावा. मी कबूल केलं. माझ्या नावाचं ओझं त्याच्यावरनं उतरव म्हणाले. बाहेर येऊन त्याला फोन केला, "सुटला रं." तो म्हणाला, "मग आता मला धरून ठेवणार कोण?"

डॉक्टरांनी त्याला व्यसनाच्या डॉक्टरांकडं पाठवलं, तो जायला लागला. जेवताना कॅप्सूल घ्यायच्या, कारण जे रस पोटात बनायचे ते आता पुरेसे बनत नव्हते. साखर वाढलेली, तिची गोळी वेगळी. डॉक्टरांनी आम्हा तिघांना बसवून सांगितलं होतं की पुन्हा पिला तर पुन्हा सूज येणार, आणि दर वेळी स्वादुपिंड थोडं थोडं संपत जाणार. मला वेगळं सांगितलं, "अक्का, आता शपथ घालू नका. विचारा. आणि जे सांगेल ते ऐका."

मी विचारायला लागले. दर दोन दिवसांनी फोन. "घेतलीस का?" "न्हाय." इतक्या झटकन यायचं ते 'न्हाय' की मला ते औषधाच्या गोळीपेक्षा कडू लागायचं. त्यावर विश्वास ठेवू की नको, कळायचं नाही. वर्गात स्वादुपिंडाचा धडा आला की मी आकृती काढायची आणि पोरांना दोन ओळी जास्त सांगायची. पोरं विचारायची, "बाई, हे परीक्षेला हाय?" मी म्हणायची, "न्हाय. तरी लिहा."

गेल्या मार्गशीर्षात एका रविवारी मी हिंडलग्याला गेले होते. दिवस चांगला गेला. भावजयीनं कमी तेलातली भाजी केली होती, तो दोन भाकरी जेवला, मुलीचा अभ्यास घेतला. संध्याकाळी चारला मला बसथांब्यापर्यंत सोडायला आला. ऊन छान होतं. आम्ही कडेच्या दगडावर बसलो. बस वळणावर दिसली तसा तो उठला, माझी पिशवी माझ्या हातात दिली आणि रस्त्याकडं बघत म्हणाला, "आक्का, मी घेतली."

मला वाटलं तो तिकिटाबद्दल, पिशवीबद्दल काही बोलतोय. मग कळलं. माझ्या अंगातनं सगळं गरम वर आलं, तोंडापर्यंत आलं. बापाचं नाव, चोवीस दिवस, बांधलेले हात, त्याची लेक, एका दमात सगळं बाहेर पडणार होतं. बस थांबली. कंडक्टरनं हाक मारली. मी हातानंच कंडक्टरला पुढं जा म्हटलं.

"कधी?" मी विचारलं.

"परवा. स्लॅब झाला, सगळी बसलती." तो माझ्याकडं वळला. "ओरड की गं. बोल काय तर."

त्याला या जगात मी आणलं नसलं तरी वाढवलं मी होतं, आणि इतक्या वर्षांत त्यानं आपण होऊन मला सांगितलेली ही पहिली वाईट गोष्ट होती.

"न्हाय ओरडत," मी म्हटलं. "किती घेतलीस, ते सांग. पोट दुखतंय का, ते सांग. सकाळी डॉक्टरांकडं दोघं जाऊ. मी आज र्‍हाते."

तो परत दगडावर बसला आणि सांगायला लागला. त्याला बराच वेळ लागला. मी एकदाही मधे बोलले नाही.